डावी भुवई

“मेंढरा, हलू नकोस,” सर म्हणाले आणि ओल्या प्लास्टरचा पहिला लपका माझ्या कपाळावर फाडकन बसला.

मी हललो नाही. हलणार कसा? लाकडी बाकावर उताणा पाडलेला. दोन्ही नाकपुड्यांत कागदाच्या सुरळ्या. कानात कापूस. ओठ मिटलेले, डोळे मिटलेले. संग्राम वरून प्लास्टर थापत होता, गोठ्याची भिंत लिंपावी तसा. वर्गातले बाकीचे सहाजण बाकाभोवती गोल करून उभे.

त्याच्या आधी पाच मिनिटं काय झालं ते सांगतो. टेबलावर व्हॅसलिनची डबी होती. चेहऱ्याचा साचा घेताना आधी कातडीला तेलकट काहीतरी चोपडायचं, भुवयांना तर दाबून, म्हणजे केस प्लास्टरमध्ये अडकत नाहीत. हे सरांनीच फळ्यावर लिहून दिलं होतं. वर्गातल्या काशिनाथनं डबी उचलली. सरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि झाकण लावलं.

“ह्याला कशाला व्हॅसलिन? घोंगडीची कातडी आहे ती.”

सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा हसलो. नाकात सुरळ्या असताना हसलं की शिट्टी वाजते. वाजली. मग ते आणखी हसले.

प्लास्टर घट्ट होताना तापतं. हे फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. आधी कोमट, मग कढत, मग चुलीपुढं तोंड धरून बसल्यासारखं. पंधरा-वीस मिनिटं. नंतर संग्रामनं हनुवटीखाली बोटं घातली आणि ओढलं. निघेना.

“जोर लाव,” सर म्हणाले.

त्यानं गुडघा माझ्या छातीवर रोवला आणि हिसका मारला. जुनं धोतर फाडल्यासारखा आवाज आला. साचा निघाला. डावी भुवई त्याच्याबरोबर गेली. रक्त डोळ्यात उतरलं म्हणून मला खोली लाल दिसायला लागली, आणि त्या लाल खोलीत सर साचा खिडकीच्या उजेडाला धरून आत बघत होते.

“वा! टेक्श्चर बघा. केसन् केस आलाय.”

आलाच होता. माझाच होता.

मी तोंडावर फडकं दाबून म्हणालो, “थँक्यू सर.”

हो. असंच म्हणालो. आजही आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक द्यावीशी वाटते.

मी म्हसवडच्या पलीकडच्या माळावरचा. जात धनगर. घरात मेंढरं. बाहत्तरच्या दुष्काळात निम्मी गेली, उरलेल्यांना घेऊन बा नदीकाठाला, ऊसवाल्यांच्या रानात खतासाठी बसवायला जायचा. कळप एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आमच्याकडं मेंढरांच्या पाठीवर गेरूनं खूण करतात. प्रत्येक घराची खूण ठरलेली. आमची दोन आडव्या रेघा. चुलत्याची एक ठिपका. मी दहा वर्षांचा असताना बानं मला गेरूचं भांडं दिलं आणि म्हणाला, “रेघा वढ.”

मी रेघा ओढल्या नाहीत. मी मोर काढले. एका मेंढीवर सूर्य काढला. गेरू उरला म्हणून चुलत्याच्या मेंढरांवरही मोर काढले. दुपारी दोन्ही कळप एकाच डबक्यावर पाण्याला गेले आणि मिसळले. कुणाचं कोणतं कुणालाच कळेना. बा म्हणाला मोर आमचा. चुलता म्हणाला मोर माझा. काठ्या निघाल्या. दोन डोकी फुटली. माझं पहिलं प्रदर्शन ते.

बानं मला दोराच्या टोकानं फोडून काढलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या चित्रकलेच्या मास्तरांपुढं उभं केलं. “ह्याला कागूद द्या. न्हाईतर माणसं मरतील.”

त्या कागदावरून घसरत घसरत मी सांगलीच्या चित्रकलेच्या विद्यालयात पोचलो. वर्गात आम्ही आठजण. संग्राम कृष्णाकाठचा, दीडशे एकर उसाच्या घरचा, त्याचे वडील आबासाहेब साखर कारखान्याचे संचालक. काशिनाथ तासगावकडचा, कुंभाराचा. बाकीचे शहरातले, इस्त्रीचे. आणि मी. शुद्ध बोलायची मी रात्रंदिवस तालीम करायचो. ‘न्हाई’चं ‘नाही’ करताना माझी मान आपोआप ताठ व्हायची, म्हणून संग्राम मला ‘नंदीबैल’ म्हणायचा.

त्या वर्षी कार्यशाळेचे तास सुरू झाले. सहा तंत्रं: बाटिक, कोलाज, लिनोकट, मातीकाम, भित्तिचित्र आणि प्लास्टर. प्रत्येकाचं एक काम स्वतःच्या हातानं करून सादर करायचं. एक जरी राहिलं तरी परीक्षेला बसू देणार नाहीत, असा नियम. नोटीस बोर्डावर लावलेला. मी तो इतक्या वेळा वाचला होता की त्यातल्या शाईच्या डागासकट पाठ होता.

माझी प्रगती सांगतो. बाटिकमध्ये कापडावर मेण लावून आधी फिका रंग, मग गडद. मी आधी काळ्यात बुडवलं आणि मग पिवळा शोधत बसलो. काळ्यावर पिवळा चढत नाही हे आमच्या मेंढरांनाही माहीत होतं. पुन्हा केलं. कोलाजला सगळ्यांनी बाटलीतला गोंद आणला. मी घरून चिंचोक्यांची खळ आणली, आमच्याकडं घोंगडीच्या सुताला लावतात ती. चिकटलं मात्र असं की वा. सकाळी येऊन बघतो तर उंदरांनी सगळं चित्र खाल्लेलं, नुसता पुठ्ठा. सर म्हणाले, “पहिल्यांदाच तुझं काम कुणाला तरी आवडलं.” पुन्हा केलं.

लिनोकटला, म्हणजे कोरून कागदावर ठसा काढायच्या कामाला, तर मी कमाल केली. लिनोलियमचा तुकडा टेबलावर धरून पुढच्या बाजूला कोरायचं असतं. मी तो दोन्ही गुडघ्यांत धरला आणि हत्यार स्वतःकडं ओढायला लागलो. बा मेंढरू असंच धरतो कातरताना, गुडघ्यांत डोकं दाबून. हत्यार सटकलं आणि मांडीत शिरलं. चांगलं बोटभर. विजारीतून रक्त गळायला लागलं, काशिनाथ धावला आणि सर लांबूनच ओरडले, “कागद सांभाळा, कागद!” मला टाके पडले. कागद वाचला. पुन्हा केलं.

तर असा धडपडत, स्वतःला भोसकत मी पाच तंत्रं पार केली. राहिलं प्लास्टर. आणि प्लास्टरची मला भीती नव्हती. ते मऊ हाताचं काम आहे. एखाद्याच्या जिवंत तोंडावर काम करायचं, त्याला इजा होऊ द्यायची नाही, तो घाबरला तर थांबायचं. हे मला येत होतं. लहानपणापासून दुसरं काय बघितलं होतं?

पण पहिल्या दिवशी सर म्हणाले, मॉडेल आलं नाही, तू झोप. संग्रामनं माझा साचा काढला तो त्या दिवशी. आणि मी फडकं लावून बसलो असताना सर म्हणाले, “प्रत्येकानं ह्याचाच चेहरा करायचा. असली हाडं शहरात मिळत नाहीत. शेवटी तुझी पाळी. तुझ्यासाठी संग्राम झोपेल.”

शेवटी तुझी पाळी. ह्या तीन शब्दांवर मी आणखी सहा वेळा त्या बाकावर झोपलो. सात विद्यार्थी, सात साचे, एक तोंड. दुसऱ्या वेळेपासून डाव्या बाजूचा त्रास नव्हता, तिथं उपटायला काही उरलंच नव्हतं. उजवीला मात्र पापण्यांसकट हिसके बसले. एकदा सुरळी नाकातून निसटली आणि प्लास्टर आत गेलं. मी गुदमरून पाय झाडले. दोघं पायांवर बसले. “फुकट जाईल! धरा!” सर ओरडत होते. फुकट जाईल ते प्लास्टर.

एकट्या काशिनाथनं माझ्या तोंडाला तेल लावलं. स्वतःच्या डोक्याचं, बाटलीतलं. बोटानं हळूच, पापण्यांच्या मुळाशी. साचा काढताना कानाशी वाकून म्हणाला, “दुखतंय का रं?” त्या तीन आठवड्यांत मला तेवढं एकानंच विचारलं.

आता माझा मूर्खपणा बघा. माझ्या पत्र्याच्या पेटीत करडईच्या तेलाची बाटली होती, आईनं भाकरीबरोबर खायला दिलेली. बोटभर लावलं असतं तर भुवई वाचली असती. पण खायचं तेल तोंडाला फासायला मन झालं नाही. भुवई परत येईल वाटलं. तेल संपलं असतं तर परत आलं नसतं.

माझी पाळी आली. मी प्लास्टर चाळून ठेवलं, पाणी आणलं, व्हॅसलिनची डबी पुढं घेतली. संग्रामकडं बघितलं. तो बाह्या खाली करत होता.

“मी झोपू? ह्याच्या हाताखाली?” तो म्हणाला. “सर, ह्याच्या हाताला लेंड्यांचा वास येतो.”

सरांनी घड्याळ बघितलं. “राहू दे. तुझं नंतर बघू.”

नंतर म्हणजे कधीच नाही. प्लास्टरचं पोतं संपलं. दुसरं आलं नाही.

वार्षिक प्रदर्शनाच्या आधी चार-पाच दिवस मी कार्यशाळेत गेलो. साच्यांत प्लास्टर ओतून काढलेले सहा मुखवटे भिंतीला टांगलेले. एका ओळीत मीच मी. सातवा संग्रामचा, तो मधोमध स्टँडवर ठेवलेला आणि त्याच्या खाली माझी घोंगडी पसरलेली. माझी. वसतिगृहातल्या माझ्या खाटेवरून न विचारता आणलेली. चिठ्ठी लावली होती: ‘धनगर’. खाली संग्रामचं नाव. टेबलावर कामांचा तक्ता पडला होता. माझ्या नावापुढं पाच रकान्यांत खुणा. सहाव्यात सरांच्या अक्षरात: ‘सादर केले नाही’.

सर खुर्चीत बसून सिगरेट ओढत होते.

“सर, प्लास्टरचं काम…” मी मान ताठ करून शुद्ध सुरू केलं, “हे सातही मुखवटे माझेच आहेत ना.”

सरांना खरंच गंमत वाटली. ते हसून म्हणाले, “चेहरा तुझा. काम त्यांचं. मातीला कुणी मार्क देतं का?”

असं म्हणून त्यांनी सिगरेट विझवली. कशात विझवली ते मी बघितलं.

तो पहिला साचा होता. पोकळ. माझ्या तोंडाचा आतला भाग. टेबलावर उताणा पडलेला आणि त्यात थोटकं, राख, काड्या. पोकळ साच्यात बघितलं तर एक गंमत होते: खोल गेलेला चेहरा फुगीर दिसायला लागतो आणि आपण सरकू तिकडं तोंड वळवतो. मी दारातून टेबलापाशी जाईपर्यंत ते तोंड माझ्याकडं बघत वळलं. तोंडात राख. डाव्या डोळ्यावर प्लास्टरमध्ये रुतलेले काळे केस. त्या केसांना सिगरेटचं जळतं टोक टेकलेलं. केस जळाल्याचा वास आला.

पुढं काय झालं ते मला तुटक आठवतं. लाकडी हातोडा हातात आला. पहिला घाव स्टँडवरच्या धनगरावर. नाक उडालं. मग भिंतीवरचे. कपाळ, गाल, जबडा. माझी हाडं फारच ठिसूळ निघाली. “अरे, अरे, अरे” करत सर उठले, आखणीचा लाकडी टी-स्क्वेअर उचलला आणि माझ्या पाठीत घातला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो मोडला. संग्राम आणि दोघं शेजारच्या खोलीतून धावत आले. संग्रामनं माझे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला. दुसऱ्यानं पोटात लाथ घातली.

मी कलेचा विद्यार्थी. गुद्दा कसा मारतात मला माहीत नव्हतं. मी एडक्यासारखा लढलो. दोन पावलं मागं, मान खाली, आणि मुसंडी. संग्रामचं नाक माझ्या टाळूखाली फुटल्याचा आवाज आला, ओली काटकी मोडावी तसा. तो खाली बसला. मी पुन्हा मागं गेलो, पुन्हा मुसंडी मारली. दुसरी चुकली आणि मी कपाटावर आदळलो. काच माझ्याच खांद्यात घुसली. असा माझा पराक्रम.

सगळे बाहेर गेले तेव्हा मी प्लास्टरच्या चुऱ्यात बसलो होतो आणि दारात काशिनाथ उभा होता. तो भिंतीकडं बघत होता. शेवटचा खिळा. तिथं त्याचा मुखवटा होता. तेल लावून, हळू हातानं काढलेला. तोही मी फोडला होता.

मी त्याची माफी मागितली. त्या सगळ्या प्रकरणात मी मागितलेली एकच माफी. तो रडत होता. डोळे पुसत म्हणाला, “मी माज्या बाचं तोंड करतो. न्हाईतरी तुज्या भवईवर पास व्हायचं मनाला लागत हुतं.”

टेबलाखाली साचा पडला होता, न फुटलेला. मी राख झटकली आणि तो घोंगडीत गुंडाळला.

तिसऱ्या दिवशी बाला बोलावलं. विद्यालयाचा शिपाई एसटीनं जाऊन वाड्यावरून घेऊन आला. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. बा कार्यशाळेच्या दारात वहाणा काढून, काठी भिंतीला टेकवून आत आला. सर, संग्राम नाकाला पट्टी लावलेला, आणि मधोमध तो बाक. शेजारी बादलीत प्लास्टर कालवून ठेवलेलं. नवं प्लास्टर आलं होतं बरं का. आबासाहेबांनी कारखान्याच्या जीपमधून दोन पोती पाठवली होती.

“माफीनामा तयार आहे,” सर म्हणाले. “ह्यानं सही करायची, तुम्ही अंगठा. आणि परवा प्रदर्शन आहे, तेव्हा ह्यानं आत्ता इथं झोपायचं. संग्रामचा मुखवटा पुन्हा झाला पाहिजे. मग मी ह्याचा सहावा रकाना भरतो. नाहीतर नाव कापतो.”

बानं हात जोडले. “चूक झाली आसंल पोराची. आडाणी हाय. कुटं अंगठा करायचा, मास्तर?”

माझ्यासमोर माझा बा शाईच्या गादीवर अंगठा दाबत होता. दाबून त्यानं वर बघितलं. पहिल्यांदाच नीट माझ्या तोंडाकडं बघितलं.

“तुजी भवई रं?”

मी बाकाकडं बोट केलं. साच्याचं, सुरळ्यांचं, पायांवर बसण्याचं, सगळं सांगितलं. व्हॅसलिनच्या डबीचंही. आमच्याच बोलीत सांगितलं. मान ताठ करायचं विसरलो.

बानं अंगठ्याकडं बघितलं. मग त्यानं तो धोतराला पुसला. पांढऱ्या धोतरावर निळा फरांटा.

“मास्तर,” तो म्हणाला, “मेंढरू कातरायच्या आदी आमी त्याला पाण्यात घालून धुतो. पाय बांदताना दोर सैल धरतो. कातर कातडीला लागली, तर कातरणाऱ्यानं हळद भरायची आन् त्या दिवशी त्यो जेवत न्हाई. आमच्या वाड्यावर आशी रीत हाय. तुमी त्या दिवशी जेवलासा का?”

“काका, ही कला आहे,” सर म्हणाले.

“कला आसंल. हात वाईट हाय.”

संग्राम उठला आणि त्यानं माझी कॉलर धरली. “झोप रं बाकावर. लय झालं.”

आता इथं माझ्यापुढं काय होतं ते सरळ सांगतो. एक रकाना. सही करून वीस मिनिटं डोळे मिटायचे, की वर्ष वाचतं. सात वेळा मिटलेच होते. आठव्यानं काय होणार होतं? उपटायला तर काही उरलंही नव्हतं. मी हे सगळं खरंच मनात मांडलं. मी काही एका क्षणात पेटून उठणारा माणूस नाही. मला उशिरा कळतं. काळ्यावर पिवळा चढत नाही हेसुद्धा उशिराच कळलं होतं.

“न्हाई झोपत,” मी म्हणालो.

“काय?”

“न्हाई झोपत. आज न्हाई, परवा न्हाई, कवाच न्हाई. साचा पायजे तर सर, तुमी झोपा. मी काडतो. व्हॅसलिन लावून काडतो.”

सरांनी माझ्या थोबाडीत मारली. फाटलेला ओठ पुन्हा फाटला. मी त्यांना मारलं नाही. बादली उचलली. कालवलेलं प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं, सायीसारखं. ती सगळी बादली मी बाकावर पालथी केली आणि दोन्ही हातांनी, मऊ हातानं, सगळीकडं नीट पसरली. कडेपर्यंत. संग्राम मागून पाठीत गुद्दे घालत होता. घालू दे. मी कोपरे भरले. पुढं सुळे काढले, बोटांनी ओढून, काट्यांसारखे. ते हातातल्या हातात तापायला लागले. वीस मिनिटांत तो बाक असा झाला की त्यावर पुन्हा कुणाला उताणं पाडता येणार नव्हतं.

“हे माझं प्लास्टरचं काम,” मी म्हणालो. “सादर केलं.”

सरांनी तक्ता ओढला आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली. कागद फाटेपर्यंत दाबून.

बानं वहाणा घातल्या, काठी घेतली. आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो. माझे हात कोपरापर्यंत पांढरे, ओठातून रक्त, काखेत वसतिगृहातून उचललेलं घोंगडीचं बोचकं. लोक बघत होते. एसटीत बसल्यावर बानं बोचक्यात हात घातला, साच्याच्या आतून अंगठा फिरवला आणि डाव्या डोळ्यावर थांबला. तिथले अर्धवट जळलेले केस त्यानं चाचपले. मग घोंगडी पुन्हा नीट गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली.

भुवई परत आली नाही. वर्षही आलं नाही. पुढच्या जूनमध्ये मी दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्यापासून नाव घातलं, सहाच्या सहा तंत्रं पुन्हा केली, आणि तिथंही पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं, काय चेहरा आहे रे तुझा, जरा झोपतोस का. मी त्याला डावी बाजू दाखवली आणि म्हणालो, उभ्यानं घे. डोळे उघडे ठेवून घे. मी तुझ्याकडं बघत असताना घे. त्याला जमलं नाही.

साचा माझ्याकडं आहे. त्यात काय ओतायचं ते मी ठरवणार. ओतायचं की नाही तेही मीच. आणि तो फोडायची वेळ आली तर हातोडाही माझाच असेल. मी झोपणार नाही.